मेल्यावर घरी येऊन बूट काढणारा माणूस

"मेलेला माणूस परत येत नाही, एवढं तरी मान्य आहे ना तुला?" फर्मेबाईंनी विचारलं.

"एरवी नाही येत," वहिनी म्हणाली. "ह्या कादंबरीत येतो."

फर्मेबाईंनी हातातला कप टेबलावर आदळला. चहा उसळला आणि नेमका नुकत्याच इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यावर उडाला. वहिनीनं अभ्रा उचलला, परत धुवायच्या टोपलीत टाकला आणि पुढचा शर्ट घेतला. तिच्या ह्या शांतपणाचाच फर्मेबाईंना जास्त राग यायचा. समोरच्यानं भांडावं तरी! हिचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यासारखं होतं. भिंतीला काही होत नाही, टेंगूळ आपल्यालाच येतं.

फर्मेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते कारखान्यानं दिलेलं. कारखाना पुस्तकबांधणीचा. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकापाठोपाठ एक लावून, शिवून, पुठ्ठा चढवला की पुस्तक. आता ते फर्मे क्रमानं लागलेत की नाही, हे कुणीतरी बघायला नको का? ते बघण्यात बाईंचा उभा जन्म गेला. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, पाठीच्या बाजूला, एक जाड काळी रेघ छापलेली असते, आधीच्या फर्म्याच्या रेघेपेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे नीट लागले की पुस्तकाच्या पाठीवर त्या रेघांचा जिना उतरत जातो. एखादा फर्मा इकडचा तिकडे झाला की जिन्याची पायरी मोडते. बाई समोरून नुसत्या चालत गेल्या तरी ढिगातली मोडकी पायरी त्यांच्या डोळ्यांत खुपायची. मग बोंब! शिलाईयंत्रावरचा कारागीर तर म्हणायचा, बाईंना बघूनच फर्मे आपापल्या जागी जाऊन बसतात.

हा स्वभाव कारखान्यात ठीक आहे. पण बाई तो घरी घेऊन यायच्या, आणि फक्त स्वतःच्याच घरी नाही. कुणाच्या मांडणीतल्या बरण्या उंचीप्रमाणे लाव, कुणाच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ कर. शेजारीण दार उघडताना आधी बाईंच्या हातांकडे बघायची.

कादंबऱ्यांचा नाद मात्र त्यांना कारखान्यानं लावला नाही. तो लावला त्यांच्या भावानं, दादानं. दादा एका उंच इमारतीत लिफ्टमन होता. लिफ्टमध्ये एक स्टूल, स्टुलाखाली कादंबरी. वर जाताना एक पान, खाली येताना एक पान. लोक मजला सांगायचे आणि हा म्हणायचा, "थांबा हो, इथं बाई विहिरीत उडी मारतेय." एकदा त्या नादात कुण्या साहेबांना तळघरात नेऊन सोडलं होतं. बाई कारखान्यातून खराब झालेल्या प्रती घरी आणायच्या, कुठं डाग पडलेला, कुठं पुठ्ठा उलटा. दादा त्या वाचायचा, मग बाई वाचायच्या, आणि रविवारी त्यावर घमासान भांडण. दादाला सगळंच आवडायचं आणि बाईंना काहीच नाही. त्यामुळे गप्पा कधी संपायच्या नाहीत.

वहिनीचं वाचन वेगळ्या प्रकारचं. ती लाँड्रीवाली. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, कपड्यांच्या टोपल्या, दोरीवर टांगलेले कोट, आणि मागच्या खोलीत संसार. पुस्तक धरायला हात मोकळा कधी? म्हणून दादा कामावरून आला की दारात बूट काढायचा, टेबलाशेजारी खुर्ची ओढायचा आणि वाचून दाखवायचा. तिचे निम्मे शर्ट त्याच्या आवाजात इस्त्री झालेले.

दादा गेला तो एकाएकी. दुपारी लिफ्टमध्ये स्टुलावरून कलंडला, आणि संपलं. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबला नाही. ज्या कादंबरीत होता ती अर्धीच राहिली, आणि खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट तसंच आत.

त्यानंतर नणंद-भावजयीत उरलं काय, तर हा रविवार. एरवी दोघींचं फारसं सूत कधी नव्हतंच. एक तापट, एक थंड. एकीला सगळं जागच्या जागी हवं, दुसरीला जोडीचा मोजा सापडला नाही तर कुठलाही चालतो. पण रविवारी दुपारी बाई यायच्या, दादाच्या खुर्चीत बसायच्या, वहिनी चहा ठेवायची आणि म्हणायची, "बोला वन्सं, काय वाचलंत?" त्या एका वाक्यासाठी बाई आठवडाभर वाचायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, वहिनीला तर मुळीच नाही.

वहिनीच्या लेकीनं आईची सोय केली होती. एक छोटा स्पीकर आणला आणि कादंबऱ्या भरलेली कार्डं, नखाएवढी. एका कार्डात एकच कादंबरी, एकेक प्रकरण वेगळं. आईचा गोंधळ नको म्हणून! ती कार्डं औषधांच्या कप्प्यांच्या डबीत ठेवलेली. आणि कादंबऱ्या त्याच, ज्या बाईंच्या कारखान्यात बांधून झालेल्या. म्हणजे एकीनं वाचायची आणि दुसरीनं ऐकायची, आणि रविवारी बसायचं. काय छान बेत होता सांगा!

बाईंना हे ऐकणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. "तो वाचणारा बुवा बायकांचं बोलणं नाकातून म्हणतो," त्या म्हणायच्या. "कुठली बाई अशी बोलते? सर्दी झालेली?"

"गरीब आहे बिचारा, वन्सं. एकटा किती जणांचे आवाज काढणार?"

इथपर्यंत ठीक होतं. पण मग वहिनीची मतं सुरू झाली, आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली.

पहिली कादंबरी होती प्रेमाची. दोघं बसस्टॉपवर भेटतात, लग्न होतं, खटके उडतात, शेवटी कोर्टात जाऊन वेगळे होतात. बाईंचं मत तयार होतं, की शेवट रडका आहे आणि नायिका ठार वेडी आहे. तर वहिनी डोळे पुसत म्हणाली, "शेवट काय गोड केलाय हो! एवढं कोर्टकचेरी करून शेवटी ती बसस्टॉपवर येते आणि त्याला विचारते, 'किती वाजले?' आणि तो सांगतो. बस्स. संपलंच."

"अगं, ती त्यांची पहिली भेट!"

"तेच तर. एवढं सगळं झाल्यावर पहिली भेट. मला तर रडूच आलं."

बाईंनी त्या दिवशी वाद घातला नाही. उन्हाचा त्रास होत असेल, असं म्हणून सोडून दिलं. पण पुढची कादंबरी खुनाची निघाली, आणि खुनाच्या कादंबरीत एवढंच तर असतं, की खून कुणी केला.

"कळलं का तुला, कुणी केला?" बाईंनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं.

"हो, वकिलानं. तो सुरुवातीलाच कबूल करतो ना."

"सुरुवातीला?"

"हो. मग बाकीचे सगळे शोधत बसतात. हा इन्स्पेक्टर किती हिंडतो, थंडीवाऱ्याचा! मला फार कीव आली हो त्याची. एवढं वकिलानं आधीच सांगितलं होतं, कुणी ऐकलंच नाही."

आता तुम्हीच सांगा, ह्यावर माणसानं काय करावं? बाईंनी पुस्तक पिशवीतून काढलं, शेवटचं प्रकरण उघडून वहिनीच्या नाकासमोर धरलं, बोट ठेवून वाचून दाखवलं. वहिनी शर्टाची कॉलर दाबत ऐकत राहिली आणि म्हणाली, "पुस्तकात तसं असेल." पुस्तकात तसं असेल! म्हणजे पुस्तक खोटं आणि हिचा तो स्पीकरचा डबा खरा! बाईंनी निकाल लावून टाकला, की ही इस्त्री करता करता डुलक्या घेते आणि मधलं-शेवटचं जे कानावर पडेल त्याची गोधडी शिवते. आणि वर एवढा आत्मविश्वास!

आणि मग आली ही तिसरी, जहाजावरच्या आचाऱ्याची. माणूस वर्षंच्या वर्षं समुद्रावर, बायको बंदरावरच्या गावात. कधी येईल त्याचा नेम नाही. मध्यावर एक प्रकरण आहे, त्यात तो न कळवता घरी येतो, दारात बसून बूट काढतो. आणि अगदी शेवटच्या प्रकरणात जहाज येतं, सगळे उतरतात, तो उतरत नाही. तापानं वाटेतच गेलेला. बायको धक्क्यावर उभी, धक्का रिकामा होतो, कादंबरी संपते. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका कादंबरीला चांगलं म्हणायचं ठरवलं होतं. मनात वाक्य जुळवून आल्या होत्या. आणि ही बया म्हणते, मेल्यावर तो घरी येतो आणि बूट काढतो!

"वहिनी, तू माझी थट्टा करतेयस का?"

"नाही वन्सं."

"मग झोपा काढतेस. ते तरी कबूल कर."

"मी जागी होते. पूर्ण जागी."

"तो मेला. शेवटी मेला. धक्का रिकामा झाला. काळ्यावर पांढरं... नाही, पांढऱ्यावर काळं लिहिलंय!" रागात बाईंचे रंगसुद्धा उलटे झाले.

"तुमच्यात मेला असेल. माझ्यात आला."

बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. दारात वळून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "जोवर तो मेला हे तू कबूल करत नाहीस, तोवर ह्या घरात मी पाय ठेवणार नाही!"

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी खटकलं. पण तोंडातून गेलेलं गेलं. वहिनीचा हात थांबला. इस्त्री हवेत, वाफ चाललेली. आजवर उलटून न बोललेली वहिनी म्हणाली, "मग नका ठेवू."

पुढचा रविवार बाईंनी घरी काढला. काढला म्हणजे कसाबसा ढकलला. कपाट आवरलं. आवरलेलंच होतं, पुन्हा आवरलं. दुपारची वेळ झाली तशी पायांना सवयीनं चप्पल शोधायची घाई झाली, तर पायांवरच डाफरल्या. एक नवी कादंबरी वाचून झाली होती. इतकी भिकार, इतकी भिकार, की तिच्याबद्दल बोलायला जीभ शिवशिवत होती. शेवटी सोमवारी कारखान्यात शिलाईयंत्रावरच्या कारागिरालाच धरलं.

"ती बांधली ना आपण, निळ्या पुठ्ठ्याची? वाचलीस?"

"मी शिवतो, बाई. वाचत नाही."

"नायक पंधरा पानं खिडकीतून बाहेर बघतो. पंधरा! एक अख्खा फर्मा, एक पान कमी! खिडकीला गज नसते तर मीच ढकलून दिला असता."

"चांगली असेल," कारागीर म्हणाला आणि दोरा ओवायला लागला.

चांगली असेल! अरे, मी काय सांगतेय आणि तू काय म्हणतोयस! बाई तणतणत आपल्या जागेवर आल्या. वहिनी असती तर विचारलं असतं, 'खिडकीतून काय दिसत होतं त्याला?' आणि त्यावर बाई चिडल्या असत्या, आणि दुपार कशी गेली असती ते कळलंही नसतं.

बुधवारी मालक एक गठ्ठा घेऊन तरातरा आले आणि बाईंच्या टेबलावर टाकला. "फर्मेबाई, हे तुमच्या नजरेखालून गेलंच कसं?"

गठ्ठा होता एका पुढाऱ्याच्या आत्मचरित्राचा. दुकानातून परत आलेला. बाईंनी एक प्रत उचलली, पुठ्ठा मागे दुमडून पाठीकडे बघितलं. जिना मधेच कोसळलेला. वरची पायरी खाली आणि खालची वर.

"माझ्या नजरेखालून नाही गेलं," बाई ताडकन म्हणाल्या. "ह्या खेपेला तुम्हीच म्हणालात, नव्या यंत्रावर लावू, यंत्र चुकत नाही. यंत्राच्या खणात फर्मे उलटे भरले की यंत्र बिचारं उलटंच देणार!"

"अहो, पुढारी स्वतः फोन करून ओरडतायत. वाचणारे हसतायत त्यांना. पुस्तकात आधी राजकारणातून निवृत्त होतात, सगळ्यांचे आभार मानतात, आणि मग जन्माला येतात."

सगळा कारखाना खो-खो हसला. बाईसुद्धा हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. प्रत हातात तशीच. आधी निवृत्त होतात, मग जन्माला येतात. आधी कोर्टात जातात, मग बसस्टॉपवर भेटतात. आधी वकील कबूल करतो, मग इन्स्पेक्टर हिंडतो. आधी मरतो...

"अगं बाई!" त्या एकदम ओरडल्या. "हिचे फर्मे चुकलेत!"

घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं, आणि बाईंना असा काही आनंद झाला म्हणता! वहिनी वेडी नाही, झोपाळू नाही, थट्टाही करत नाही. तिच्या त्या डब्यात प्रकरणं उलटीसुलटी लागतायत, एवढंच. म्हणजे दोष कुणाचाच नाही. म्हणजे आपण जाऊ शकतो. जाऊन नीट करून देऊ, ती म्हणेल, 'खरंच की वन्सं, तो मेला,' आणि रविवार परत सुरू. संध्याकाळी सुटी होताच बाई निघाल्या, वाटेत कुठं भाजीलासुद्धा थांबल्या नाहीत.

लाँड्रीचं दार उघडं होतं. वहिनी टेबलाशी उभी, समोर चादरींचा ढीग, आणि कोपऱ्यात फळीवर तो डबा. नाकातून बोलणारा बुवा चालू होता. दारात पाय ठेवताना बाई क्षणभर अडखळल्या, शपथ आठवली. मग म्हणाल्या, "मी काही राहायला आले नाहीये. दोन मिनिटांचं काम आहे."

"या ना," वहिनी म्हणाली.

बाईंनी डबा फळीवरून खाली घेतला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. पुढे बटणांची रांग. एका बटणावर एकमेकांवरून उडी मारणारे दोन बाण, आणि त्याच्याखाली हिरवा दिवा मिणमिणत होता.

"हे बघ! हाच तो चोर!" बाईंचा आवाज चढला, पण आज आनंदानं. "दोन बाण, एकमेकांत गुंतलेले. म्हणजे काय? म्हणजे डबा मनाला येईल ते प्रकरण मनाला येईल तेव्हा लावतो. पुसताना कधीतरी दाबलं गेलं असणार. आणि मी तुला उगाच बोलले. तू म्हणत होतीस ते खरंच होतं, तुझ्यात तो मेल्यावरच येत होता. थांब, आता करते नीट."

आणि त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. बुवा वाक्याच्या मध्येच गप्प झाला, जरा थांबला आणि पहिल्या प्रकरणापासून सुरू झाला.

"झालं!" बाई म्हणाल्या. "आता ऐक सरळ. जिना कसा उतरतो बघ."

वहिनीनं इस्त्री उभी करून ठेवली. फळीपाशी आली, डबा बाईंच्या हातातून घेतला आणि बंद करून टाकला.

"सरळ ऐकलीय मी, वन्सं. एकदा."

"म्हणजे?"

"खुनाच्या वेळी तुम्ही ते पुस्तक नाकासमोर धरलंत ना, तेव्हाच मला शंका आली. लेकीला फोनवर विचारलं. तिनं सांगितलं बटण कुठलं ते. मग मीच बंद केलं आणि ही आचाऱ्याची लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुमच्यासारखी." वहिनी अंगठ्यानं डब्यावरची नसलेली धूळ पुसत होती. "शेवट ऐकला. धक्का रिकामा झाला तो. त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाईकाचा कोट जळला. कधी नव्हे तो."

बाई बघतच राहिल्या. "मग पुन्हा..."

"पुन्हा मीच दाबलं. मुद्दाम."

"आणि मला तोंडावर सांगत होतीस, मी जागी होते, तो आला! अगं, मी घसा फोडून सांगतेय, तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस! एवढं भांडण झालं, मी येणं बंद केलं, तेव्हा तरी सांगायचं होतंस की बटण आहे!"

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट करून दिलं असतंत."

वहिनीच्या बोलण्यात राग नव्हता, कुचकेपणा नव्हता. बाहेर पायरी ओली आहे, जपून जा, असं सांगावं तसं तिनं सांगितलं होतं.

"तुम्ही नीटच करता सगळं," वहिनी म्हणाली. "ते गेले तेव्हाही तुम्हीच केलंत. मला काही सुचत नव्हतं. कपाट आवरलंत, कपडे देऊन टाकलेत. दारातले त्यांचे बूटसुद्धा तिसऱ्या दिवशी दिसले नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, पायात येत होते, नीट करून टाकलं."

बाईंना आठवलं. पिशवीत भरून दादाच्या कामावरच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला दिले होते. डावा बूट बाहेरच्या बाजूनं झिजलेला. पायात येतच होते ते, दारात मधोमध, आडवे. दादानं आयुष्यात कधी सरळ ठेवले नाहीत.

"मी चांगल्यासाठीच..." बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. मी कुठं काय म्हणतेय?" वहिनीनं इस्त्रीचा ताप ओल्या बोटानं चाचपला. "सरळ लावलं ना, वन्सं, की तो शेवटी जातो. मग काहीच उरत नाही, नुसता डबा उरतो. असं लावलं की मध्येच कधीतरी जातो, आणि मग पुन्हा कधीतरी येतो. कधी सकाळीच येतो, कधी दिवसभर नाही. मला ठाऊक नसतं. चादरी चाललेल्या असतात आणि एकदम दारात बूट काढायला बसतो. तुमचे दादा तरी कुठं वेळ सांगून यायचे? आज पाळी लवकर सुटली, उद्या उशिरा. माझा कान आपला दाराकडे." ती जराशी हसली. "तो कान तसाच राहिलाय. त्याला काहीतरी काम नको का?"

बाई दादाच्या खुर्चीत बसल्या. अशा वेळी त्यांना एकच मार्ग ठाऊक होता, चिडायचं.

"पण खून कुणी केला ते आधीच कळलं तर मजा काय?" त्या ओरडल्या, आणि आवाज मध्येच फाटला. "असं कुठं वाचतात का? एवढा लेखक मरमर मरून क्रम लावतो, आम्ही डोळे फोडून फर्मे लावतो, आणि तू... तू सगळा जिनाच उधळून टाकतेस!"

"तुमच्या दादांना आवडलं असतं."

"त्याला सगळंच आवडायचं! मतच नव्हतं त्या माणसाला!" बाईंनी पदरानं चष्मा पुसला, मग डोळे, मग परत चष्मा. "काहीही दिलं तरी म्हणायचा, छान आहे. खिडकीतून बघणारा नायक दिला असता तरी म्हणाला असता, छान आहे."

"कुठला हो? खिडकीतून काय दिसत होतं त्याला?"

बाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग डबा ओढून मांडीवर घेतला आणि चष्म्यातून बटणं शोधायला लागल्या. "आता हे परत कसं करायचं? कुठे गेले ते बाण? एवढी बारीक चित्रं कोण काढतं? हे? नाही, हा आवाज. हे?... मेलं दिसेल तर शपथ."

वहिनीनं वाकून बटण दाखवलं नाही, नुसती थांबली. बाईंनी स्वतःच शोधलं आणि अंगठा दाबला. हिरवा दिवा लागला. डबा क्षणभर गप्प होता, कुठलं प्रकरण काढावं असा विचार करत असल्यासारखा. दोघींनी दाराकडे बघितलं, हे दोघींच्या लक्षातही आलं नाही.

बुवा नाकातून बोलायला लागला. बाजार, मासळीचा भाव, शेजारणीचं भांडण.

"ह्यात नाही तो," वहिनी म्हणाली.

"कळतंय मला," फर्मेबाई खेकसल्या. पिशवी खांद्यावरून काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीला अडकवली, पायातल्या चपला काढल्या आणि दारात, मधोमध, आडव्यातिडव्या सरकवल्या. "पुढच्यात येईल. थांबते मी. आणि तू त्या चादरीकडे बघ आधी, सुरकुत्या तशाच आहेत."